बारस सोडण्याची वेळ

एकादशीचा उपवास द्वादशीला सोडण्याच्या विधीला धर्मशास्त्रात ‘पारणे’ म्हणतात. वारकरी घरांत ‘बारस सोडणे’ हाच शब्द रुळला आहे. व्रत पुरे होते ते पारण्याने, म्हणून त्याची वेळ ठरवण्याला पूर्वीपासून महत्त्व आहे.

भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा येते. पाहुणे आलेले दुर्वास स्नानाहून परतेनात आणि द्वादशी तर संपत आली. राजाने नुसते पाणी घेऊन पारणे केले. त्यामुळे तिथीही साधली आणि अतिथीआधी जेवल्याचा दोषही टळला. द्वादशी थोडीच उरली असेल तर पाण्याने पारणे करावे, हा संकेत आजही पाळला जातो. व्रतांचे असे नियम तेराव्या शतकात देवगिरीच्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त एकत्र केले. पुढे ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि ‘धर्मसिंधु’ (१७९०) यांनी पारण्याचे निर्णय मांडले. द्वादशीचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर. तो टाळावा आणि द्वादशी सरण्याआधी उपवास सोडावा, असा नियम आहे.

हे पाळायचे तर तिथी केव्हा संपते ते कळायला हवे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. त्याला साधारण १९ ते २६ तास लागतात. या गणिताची एक मोठी शाळा खानदेशातच होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ‘सिद्धांतशिरोमणी’सह आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला. त्याला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ मध्ये दान दिले. तसा शिलालेख तेथे असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

तिथी संपण्याचा क्षण सर्वत्र एकच असतो, सूर्योदय आणि चंद्रोदय मात्र गावागणिक बदलतात. म्हणून बारस सोडण्याची शेवटची घटका जळगाव-धुळ्याला सारखीच, पण संकष्टीचा उपवास ज्या त्या गावच्या चंद्रोदयावर सुटतो. जळगाव धुळ्याच्या पूर्वेला असल्याने तेथे चंद्र साधारण तीन मिनिटे आधी उगवतो; मुंबईच्या तुलनेत हा फरक अकरा मिनिटांच्या आसपास जातो. एरंडोलजवळच्या पद्मालय गणपतीला दर्शन घेऊन घरी आलेला भाविकही चंद्राला अर्घ्य दिल्यावरच नैवेद्याच्या ताटाला हात लावतो.

पूर्वी ही वेळ गावचा जोशी सांगे. १८४१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापले आणि हे ज्ञान घराघरांत जाऊ लागले. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांच्या ‘कालनिर्णय’ने ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणले. मुंबईची वेळ पाहून खानदेशात उपवास सोडला तर काही मिनिटे उशीर होतो, म्हणून संकष्टीला आपल्या गावाची किंवा जवळच्या शहराची वेळ पाहावी.

मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी आणि केळी यांवर राहिलेले वारकरी दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलाला नैवेद्य दाखवून बारस सोडतात. गावी राहिलेली घरेही त्याच वेळी चूल पेटवतात. द्वादशी लवकर संपणार असेल तर आन्हिके पहाटेच उरकून पारणे करतात, आणि तेवढाही अवकाश नसेल तेव्हा तुळशीपत्र घातलेले घोटभर पाणी पुरते.