काळ्या कातळावरील यकृतका आणि शृंगका : प्रस्तावना

हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटाशी आपले नाते जमिनीखालचे आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ज्या तप्त स्रोतातून वर आला, तोच आज या बेटाखाली आहे, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. सह्याद्री केव्हाच निवला. रेयुनियाँवरचा पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो. म्हणून कोऱ्या कातळावर जीवसृष्टी कशी रुजते, हे तिथे डोळ्यांदेखत पाहता येते. आधी स्टिरिओकॉलॉन हे करडे दगडफूल येते, शेवाळी येतात, मागून नेचे.

शेवाळींपैकी दोन गट इथे आपला विषय आहेत : यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट आणि शृंगका म्हणजे हॉर्नवर्ट. त्यांना मुळे नाहीत, फुले नाहीत, बियाही नाहीत. बेटापासून मादागास्कर सुमारे 700 किलोमीटर दूर. एवढा समुद्र जड बियांना क्वचितच ओलांडता येतो, पण धुळीसारखे बीजाणू वाऱ्यावर येऊ शकतात.

पाण्याची तर ददातच नाही. जानेवारी 1966 मध्ये बेटावरील फॉक-फॉक येथे चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला. महाबळेश्वरच्या वर्षभराच्या पावसाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. तरीही माझ्या मते या वनस्पतींना खरा आधार वादळी पावसाचा नाही, रोजच्या धुक्याचा आहे. बेलूव्हसारख्या ढगांत बुडालेल्या रानात खोड, फांदी, जिवंत पान, काहीच उघडे राहत नाही. अशा पानावर दहापट भिंग धरा. लेज्युनिएसी कुळातील यकृतकांची इवली पाने कौलांसारखी एकावर एक बसलेली दिसतील. शेजारच्या सालीवर फ्रुलानिया ही यकृतका असेल, तर तिच्या पानाखालच्या टोपीसारख्या पिशव्याही पाहा. त्यांत पाणी साठते आणि त्या थेंबभर पाण्यात रोटिफर हे सूक्ष्म प्राणी राहतात.

शृंगका मात्र ओल्या, उघड्या मातीत शोधाव्यात. जगभरात यकृतकांच्या सात हजारांहून अधिक जाती, शृंगकांच्या जेमतेम दोनशेच्या आसपास. पण त्यांची रीत अगदी वेगळी. हिरवे शिंग बुडाकडून वाढत राहते आणि त्याच वेळी शेंड्याकडे उकलून बीजाणू सोडते. खालच्या चपट्या देहातले निळसर काळे ठिपके म्हणजे नॉस्टॉक या नील-हरित जीवाणूच्या वसाहती. त्या हवेतला नायट्रोजन या वनस्पतीला मिळवून देतात.

फ्रेंच निसर्गअभ्यासक बोरी द सँ-व्हँसाँ यांनी 1801 मध्ये हा ज्वालामुखी पायाखाली घातला, वनस्पतीही गोळा केल्या. तेव्हापासूनचे जुने नमुने अनमोल आहेत, पण त्यांवर विसंबून भागत नाही. यकृतकांच्या पेशींतील तैलपिंडांचा आकार, संख्या आणि रंग ही ओळखीची मोठी खूण. नमुना वाळला की बहुधा तीच नाहीशी होते. त्यामुळे ताजा तुकडा त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे.

नवख्या वाचकाने बेटावर जाण्याची वाट पाहू नये. श्रावणात सह्याद्रीतल्या एखाद्या घाटरस्त्याच्या कडेला, ओल्या दरडीपाशी भिंग घेऊन बसावे. रिक्सिया या यकृतकेच्या चकत्या आणि अँथोसेरॉस या शृंगकेची शिंगे तिथेही भेटतात, त्याच कुळीच्या काळ्या दगडावर.