मागे बघणारा माणूस

गेल्या दिवाळीनंतर मुलं आम्हा दोघांना कोकणात घेऊन गेली. परभणीकराला समुद्राचं अप्रूप किती असतं ते परभणीकरालाच विचारावं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तरी गल्लीत वर्दी फिरते, आणि इथे तर नजर पोचेल तिथपर्यंत पाणीच पाणी!

किनाऱ्यावर पाण्यावरच्या स्कूटर होत्या. जेट स्की म्हणतात त्यांना. एका स्कूटरच्या मागे लांब दोर, दोराला रबरी टायरसारखं काहीतरी, आणि त्यावर माणूस पालथा पडून धरून बसलेला. बारा वर्षांच्या नातीनं हट्ट धरला. मी चालवणाऱ्या मुलाला विचारलं, "बाबा रे, मागे कोण बघणार?"

"आजोबा, टेन्शन घेऊ नका. मीच बघतो ना मान वळवून."

"मग तेवढा वेळ पुढे कोण बघणार?"

तो हसला. आमची मंडळीही हसली. मुलगा म्हणाला, "अण्णा, शाळा सुटली आता!" पण मी काही नातीला जाऊ दिलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी आल्यावर मलाही रुखरुख लागली, की आपण उगीच तर नाही अडवलं? मास्तरकीची सवय. मग वाचायला बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

दोरानं ओढत पाण्यावर उभं राहायचं, हा खेळ शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचं गाव आहे. मिसिसिपी नदीचं पात्र तिथे रुंद होऊन पेपिन सरोवर झालेलं आहे. १९२२ सालच्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं तिथे खटपट सुरू केली. बर्फावर घसरता येतं, तर पाण्यावर का नाही, हा त्याचा प्रश्न. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. काही जमेना. शेवटी पाइनच्या आठ फुटी फळ्या आणल्या, त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यात घालून वर वाकवली, शंभर फुटांचा दोर घेतला, त्याला लोहाराकडून कडी करून घेतली. बोट भाऊ चालवत होता. २ जुलैला त्याच्या ध्यानात आलं, की अंग मागे टाकून फळ्यांची टोकं पाण्याच्या वर ठेवली तर उभं राहता येतं. आणि तो उभा राहिला.

पठ्ठ्यानं पेटंट काही घेतलं नाही. १९२५ साली ते फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच माणसानं घेतलं. सॅम्युएलसनला या खेळाचा जनक म्हणून मान्यता मिळाली ती थेट १९६६ साली! तोवर खेळ जगभर गेला होता. १९३९ मध्ये अमेरिकेत त्याची संघटना झाली, १९४६ मध्ये जागतिक संघटना, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकापुरता का होईना त्याचा समावेश झाला.

खेळ वाढला तसे नियम आले. त्यातला मुख्य नियम अगदी साधा आहे. बोटीत दोन माणसं हवीत. एकानं चालवायचं आणि पुढे बघायचं. दुसऱ्यानं फक्त मागे बघायचं. या दुसऱ्याला निरीक्षक म्हणतात. मागचा माणूस हातानं खुणा करतो. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे. आणि हात वर आलेच नाहीत, तर? तेही कुणाला तरी दिसायला हवं ना! कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मागचा माणूस पाण्यात पडला की निरीक्षकानं लाल किंवा नारिंगी झेंडा वर धरायचा, म्हणजे इतर बोटींना कळतं की इथे पाण्यात माणूस आहे. सूर्य मावळल्यावर हा खेळ बहुतेक ठिकाणी बंद.

मग जेट स्की आली. १९७३ च्या सुमारास कावासाकीनं ती बाजारात आणली, कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाची. ती उभ्यानं चालवायची, एकट्यानं. त्यामुळे कुणाला ओढण्याचा प्रश्न नव्हता. १९८० च्या दशकाच्या शेवटी यामाहानं बसून चालवायची दोन जणांची गाडी काढली, पुढे तीन जणांच्या आल्या, आणि लोकांनी त्यांच्या मागे दोर बांधले. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी जुनाच नियम नव्या गाडीला लावला. ओढायचं असेल तर गाडी तीन जणांची हवी. एक चालवणारा, एक मागे तोंड करून बसलेला निरीक्षक, आणि तिसरी जागा रिकामी. ती कशासाठी? मागचा माणूस दमला, लागलं, तर त्याला वर घेऊन परत आणण्यासाठी. मला हा हिशोब फार आवडला. रिकामी जागासुद्धा कुणाच्या तरी नावानं राखलेली!

काही राज्यं निरीक्षकाऐवजी रुंद आरसाही चालवून घेतात. पण आरशात बघायचं कुणी? पुन्हा चालवणाऱ्यानंच. शिवाय या गाडीची एक खोड आहे. तिला सुकाणू नसतं. मागून जोरानं फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलून ती वळते. घाबरून हातातला वेग सोडला की झोत बंद, आणि झोत बंद की वळणंही बंद! हँडल फिरवलं तरी गाडी सरळच जाते. म्हणजे मान मागे वळवून बघणाऱ्याला पुढचं संकट उशिरा दिसलं आणि दचकून त्याचा हात सुटला, तर काय होईल ते सांगायला नको.

पुढे बघण्याचं मोल आपण महाराष्ट्रातही पाहिलं आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जीव गेले. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. १९१७ चा इंग्रजांच्या काळातला आंतरदेशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्याच वर्षी राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यात नोंदणी आली. बोट चालवण्याचं आणि जीव वाचवण्याचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात आहे. २०२४ पासून कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळ्याला असले खेळ सुरू झाले आहेत. उद्या आमच्या येलदरीवरही येतील. येऊ देत. पण मागे बघणारा माणूस सोबत येऊ दे.

आता थोडं वेगळं. किनाऱ्यावर मी अडून बसलो त्याचं खरं कारण वाचनात नव्हतंच. ते जिंतूर तालुक्यातल्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत आहे. येलदरीचं धरण पुरं व्हायच्या आधीची गोष्ट, मी बारा-तेरा वर्षांचा असेन. तेव्हा पोरांना पोहायला शिकवायची रीत ठरलेली. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा, कमरेला कासरा, आणि कासऱ्याचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. त्याचं काम एकच, पाण्यातल्या पोरावरची नजर काढायची नाही.

त्या दिवशी माझा धाकटा चुलतभाऊ पाण्यात होता आणि कासरा माझ्या हातात. बांधावरून कुणीतरी हाक मारली. मी वळलो. किती वेळ? दहा मोजेपर्यंत असेल. तेवढ्यात डबा निसटला. कासरा माझ्या हातात होता, पण सैल, त्यामुळे मला ओढ कळलीच नाही. पलीकडून काकांनी पाहिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. तो वाचला. नंतर काकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "कासरा हातातून निसटला." सगळ्यांना ते पटलं. कासरा ओला होता.

कासरा निसटला नव्हता. मी बघत नव्हतो.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. चुलतभाऊ मात्र हे वाचतो, दर वेळी फोनही करतो. त्याला हे समोरासमोर सांगायचं साठ वर्षांत जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. पुढच्या वर्गांना सहलीला नदीवर नेताना मी कधीच पाण्यात उतरलो नाही. मुलं म्हणायची, गुरुजींना पोहता येत नाही. येतं मला. पण मी काठावर उभा राहून डोकी मोजत असे.

नातीला परवा फोनवर ही गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी तुम्ही मागे तोंड करून बसा. मग मी जाते."

गुडघे साथ देतील की नाही ते बघू. पण हो म्हणून बसलो आहे खरा.