उत्सर्जन झोत आणि क्षेपणास्त्राचे स्थैर्य

क्षेपणास्त्राच्या नोझलमधून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोतामुळे त्याच्या शेपटीकडील हवेचा प्रवाह बदलतो. हा बदल विंड टनेलमध्ये प्रतिकृतीवर मोजतात. उंचीवर बाहेरील दाब घटतो, झोत फुगतो आणि प्रवाहाला अडथळा होतो. त्यामुळे सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) पृष्ठभागापासून सुटतो. शेपटीचे पंख अशा सुटलेल्या प्रवाहात सापडल्यास त्यांचे उत्थापक बल घटते, दाबकेंद्र (हवेच्या बलांचा परिणामी बिंदू) गुरुत्वमध्याकडे सरकते व स्थैर्य कमी होते. सॅटर्न ५ या अमेरिकी रॉकेटाच्या उड्डाणात उंचीवर ज्वाळा पहिल्या टप्प्याच्या बाजूने वर चढताना दिसत, त्या याच कारणाने.

चाचणीत खरे इंधन जाळणे अवघड असल्याने बहुधा उच्च दाबाची थंड हवा प्रतिकृतीच्या नोझलमधून सोडतात. झोताचा दाब व बाहेरील दाब यांचे गुणोत्तर आणि झोताचा सुरुवातीचा कोन प्रत्यक्षाशी जुळवतात. मात्र तप्त वायूंचे तापमान व विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर वेगळे असल्याने निष्कर्षांत दुरुस्ती करावी लागते. प्रतिकृतीचा आधारदांडाही शेपटीजवळचा प्रवाह बिघडवतो. बलमापक तुला, दाबछिद्रे व श्लीरेन (हवेच्या घनतेतील बदल दाखवणारे) छायाचित्रण ही मोजमापाची मुख्य साधने होत.

भारतात बंगळूरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १·२ मी. छेदाचा त्रिध्वनिक विंड टनेल १९६७ पासून आहे. त्यात माख (ध्वनिवेगाच्या पटीत) ०·२ ते ४ पर्यंतच्या वेगांना चाचण्या घेता येतात.