मेल्यानंतरचा मधला काळ कोणाचा?

माणूस मेल्यावर आणि पुन्हा जन्मण्यापूर्वी त्याचा आत्मा कोठे असतो, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो गावगाड्याचाही प्रश्न होता. या मधल्या काळात आत्म्याला काय लागते, ते कोणी द्यायचे, कोणी घ्यायचे आणि कोणी नुसते वाहायचे, यावर एक संपूर्ण व्यवस्था उभी होती. तिचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे, कारण वाहणारे आपण होतो.

या व्यवस्थेचे मूळ छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात सापडते. यज्ञ आणि दाने करणारा मेल्यावर धूर, रात्र, कृष्णपक्ष असे टप्पे ओलांडून पितृलोकात व तेथून चंद्रापर्यंत जातो. पुण्य सरले की वारा, मेघ, पाऊस या वाटेने धान्यात उतरतो आणि गर्भात शिरतो, असे तेथे सांगितले आहे. वर्णन काव्यमय आहे. पण ही वाट कोठे पोहोचते ते पाहा. चांगल्या आचरणाचा मनुष्य ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जातो. वाईट आचरणाचा कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जातो. म्हणजे मधल्या काळाच्या या प्रवासाला जात हेच मुक्कामाचे ठिकाण आहे. जिवंतपणी जो अन्याय होतो त्याचा जबाब मागायचा कोणाकडे? मागच्या जन्मीच्या स्वतःकडेच! अन्याय करणारा मोकळा सुटतो.

पुढे गरुडपुराणाने या प्रवासाचा खर्च ठरवून दिला. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताला एक एक अवयव मिळतो. पहिल्या दिवशी डोके, आणि दहाव्या दिवशी भूक व तहान. मग वर्षभर यमपुरीची वाट, मध्ये वैतरणी नदी. ती ओलांडायला गाय दान द्यायची, उन्हासाठी छत्री, काट्यांसाठी जोडे, निजायला शय्या. प्रवास मेलेल्याचा, पण छत्री आणि जोडे पोहोचतात ते पुरोहिताच्या घरी.

दान घेणारा हा एक टोकाचा माणूस. दुसऱ्या टोकाला कोण होते? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रे नेमून दिली आणि बेवारस प्रेते वाहण्याचे काम दिले. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मौतीचा सांगावा पाहुण्यांच्या गावी नेणे आणि सरणाची लाकडे वाहणे हे महाराचे काम, तर मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क! पेण आणि रोह्याच्या पंचक्रोशीत आमची जुनी माणसे अजून सांगतात, की सांगावा घेऊन गेलेल्याला रात्री परगावी ओटीवरसुद्धा टेकू देत नसत. एकाच मरणातून एकाला गाय मिळाली, दुसऱ्याला कफन मिळाले. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या कफनाच्या हक्काकडून माणसाच्या हक्काकडे जाण्यासाठी. ही कनिष्ठ वतने शेवटी 1958 च्या कायद्याने रद्द झाली.

आमच्या रायगड जिल्ह्याच्या भूगोलातच हा झगडा लिहिलेला आहे. श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. तेथे पिंडदानाला दूरदूरचे लोक येतात. राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत सत्ताधाऱ्यांच्या नातलगांबरोबर वैद्य, माळी, लोखंडाचे व्यापारी यांची दाने कोरलेली आहेत. ही दाने भिक्षुसंघाला राहण्यासाठी दिलेली होती. प्रेताच्या भुकेसाठी दिलेली नव्हती. आणि याच जिल्ह्यातल्या महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मधल्या काळाविषयी बौद्ध परंपरेतही एकमत नव्हते. सर्वास्तिवादी 'अंतराभव' मानीत. वसुबंधूने अभिधर्मकोशात त्याची बाजू मांडली आहे. तिबेटमध्ये तो 49 दिवसांचा 'बार्दो' झाला आणि तेथे मृताच्या कानाशी ग्रंथ वाचण्याची प्रथा रुजली. उलट थेरवाद्यांनी 'कथावत्थु'त अंतराभव साफ नाकारला. म्हणजे प्रश्न विचारणे, वाद घालणे ही धम्माची जुनी रीत आहे.

बाबासाहेबांनी हा वाद पुढे नेला. 1957 मध्ये, त्यांच्या निर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी अडचणीचा प्रश्न मांडला आहे: आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा? त्यांचे उत्तर असे, की पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही शरीराची द्रव्ये नष्ट होत नाहीत, ती विश्वातल्या तशाच द्रव्यांत मिसळतात. पुनर्जन्म आहे तो द्रव्यांचा; सुखदुःखाची गाठोडी घेऊन जाणारा प्रवासी कोणी नाही. आणि प्रवासीच नाही म्हटल्यावर मागच्या जन्मीचे पाप आमच्या वस्तीपर्यंत आणणार कोण? गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने झटकावी म्हणूनच पूर्वकर्माचा सिद्धांत उपयोगी पडतो, हे बाबासाहेबांनी तेथे स्पष्ट म्हटले आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारणारी प्रतिज्ञा आहे ती याचसाठी. त्यानंतर 53 दिवसांनी बाबासाहेब गेले. 7 डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि त्या चितेच्या साक्षीने हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. मरणाच्या त्या क्षणी लोकांनी प्रेताची पुढची वाट विचारली नाही, स्वतःची विचारली.

आज आमच्या बौद्धवाड्यांत जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाची पत्रिका निघते. पण काही घरांच्या मागच्या अंगणात अजून गुपचूप पान ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. घरातले माणूस गेले की मन हळवे होते. रात्रभर रडलेल्या म्हातारीला अनात्मवाद ऐकवणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. परंतु एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारले, "सर, आत्मा नाही तर जलदान कोणासाठी?" मी पहिल्या पिढीचा पदवीधर. माझ्या आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, म्हणून तो टाळणे मला शक्य नाही. जलदान मागे राहिलेल्यांसाठी आहे. चार माणसे एकत्र बसतात, गेलेल्याचे गुण आठवतात आणि जमलेच तर त्याच्या नावाने एखाद्या मुलाची फी भरतात. असे होत नसेल आणि नुसते मंत्रांऐवजी गाथा, भटाऐवजी आपलाच माणूस एवढेच बदलले असेल, तर गरुडपुराण आपल्या घरात वेश बदलून आले आहे असे समजावे.

तेव्हा मेल्यानंतरचा मधला काळ कोणाचा, याचे उत्तर साधे आहे. तो जिवंतांचा आहे. जन्म आणि मरण यांच्या मधला जो काळ आपल्याला खरोखर मिळतो, त्याचा हिशोब मात्र याच गावात, याच जन्मी मागितला पाहिजे.