खुणांची साक्ष : हातबॉम्बवरील खरी आणि खोटी अक्षरे

पहिल्या महायुद्धातील रिकामा हातबॉम्ब म्हणजे वस्तुतः बिडाचा एक पोकळ तुकडा. परंतु त्याच्या बुडावर १९१६ हे आकडे दिसले, की संग्राहकाच्या डोळ्यांपुढे सोम नदीकाठचे खंदक उभे राहतात आणि किंमत चढू लागते. बनावटगिरीचे फावते ते इथेच. लोखंड खोटे करण्याचे कारण फारसे पडत नाही; खोटी केली जाते ती खूण. एखादा जुना कागद पुढे आला म्हणजे इतिहासाचा अभ्यासक विचारतो, की हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि कशासाठी? हाच प्रश्न लोखंडावरील अक्षरांनाही विचारावा, असे आम्हांस वाटते.

बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा ब्रिटिश हातबॉम्ब १९१५ मध्ये वापरात आला. त्याचा पहिला प्रकार क्रमांक ५. पुढे बंदुकीतून फेकण्यासाठी बुडाला दांडा लावण्याची सोय असलेला क्रमांक २३ आला, आणि १९१८ मध्ये दांड्याऐवजी चकती बसवता येणारा क्रमांक ३६. बुडाच्या आट्यांच्या झाकणावर नमुन्याचा क्रमांक, कारखान्याचे नाव वा आद्याक्षरे आणि पुष्कळदा महिना व वर्ष असे. हा मजकूर भावी पिढ्यांसाठी नव्हता. सदोष माल कोणत्या कारखान्याचा हे तपासनिसाला आणि पेटीत कोणता प्रकार आहे हे कोठीवाल्याला कळावे, एवढाच त्याचा हेतू.

हा हेतू ध्यानात घेतला, की अनेक लबाड्या आपोआप उघड्या पडतात. क्रमांक ३६ असे लिहिलेल्या झाकणावर १९१५ साल असेल, तर ती साक्ष स्वतःलाच खोडते. रंगाचेही तसेच. पोकळ कवच एका ठिकाणी ओतले जाई आणि स्फोटक दुसऱ्या ठिकाणी भरले जाई. भरणीची हिरवी पट्टी आणि तांबड्या फुल्या या दुसऱ्या ठिकाणच्या खुणा. म्हणजे एकाच वस्तूवर दोन निरनिराळ्या हातांची नोंद असते. बनावट वस्तूवर ही सारी नोंद एकाच हाताने, एकाच दिवशी आणि एकाच टवटवीत रंगाने केलेली दिसते.

त्यानंतर धातू बोलतो. मूळ वस्तूवरून साचा घेऊन नवे ओतकाम केले, तर बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि मूळ वस्तूवरचे ओरखडेसुद्धा अक्षरांबरोबर नकलेत उतरतात. जुन्या पृष्ठभागावर नवा ठसा मारला, तर तो गंजाचा थर फोडून खाली जातो. रंगाची पट्टी गंजाच्या खड्ड्यात उतरली असेल, तर आधी गंज चढला आणि मग रंग लागला, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खऱ्या वापरात उंचवट्यांवरचा रंग झिजतो आणि खोबणींतला टिकतो. कानसीने केलेली झीज हा भेद जाणत नाही.

जर्मन सैन्याच्या १९२४ च्या नमुन्याच्या दांड्याच्या हातबॉम्बवर पांढऱ्या अक्षरांत एक सूचना असे : वापरण्यापूर्वी डिटोनेटर बसवा. सैनिकाशी बोलणारे ते वाक्य आहे. कारखान्यांची तीन अक्षरी सांकेतिक नावे १९४० पासून रूढ झाली. तेव्हा अशा अक्षरांशेजारी १९३७ साल दिसले, तर थांबावे. नाझी एसएसची चिन्हे उमटवून किंमत वाढवण्याचा उद्योग तर कुप्रसिद्धच आहे. हातबॉम्ब फेकणाऱ्याला त्या चिन्हाचा काही उपयोग नव्हता. उपयोग होतो तो विकणाऱ्याला. खरी खूण वापरणाऱ्याशी बोलते आणि खोटी खूण गिऱ्हाइकाशी, एवढा भेद ओळखता आला तरी पुष्कळ झाले.

मात्र प्रत्येक विसंगती ही लबाडी नव्हे. झाकणे आट्यांची असल्याने अदलाबदल सैन्यातही होई. अमेरिकेचा मार्क २ हातबॉम्ब आरंभी पिवळा रंगवत. दुसऱ्या महायुद्धातच तो मळकट हिरवा झाला आणि पिवळ्याची केवळ पट्टी उरली. जुने पिवळे हातबॉम्ब सैन्यानेच हिरवे रंगवले, म्हणून हिरव्याखाली पिवळा सापडणे हा उलट खरेपणाचा पुरावा ठरू शकतो. पण पिवळ्या कवचावर एम २०४ ए २ अशी अक्षरे असलेली, युद्धानंतरच्या फ्यूजची तरफ दिसली, तर जोड नंतरची आहे हे उघड आहे. ती कोणी प्रामाणिकपणे जोडली की फसवण्यासाठी, हे वस्तू सांगत नाही. विकणाऱ्याने ती काय म्हणून विकली, यावरून ते ठरते.

हा सारा खटाटोप केवळ हौशी मंडळींच्या पैशांपुरता नाही. हातबॉम्बावरील रंगाचे मूळ काम तो भरलेला आहे की रिकामा, हे सांगण्याचे होते. जी भाषा माणसाचा जीव वाचवण्यासाठी घडवली, तिच्यातच खोटे लिहिले जाते, ही यातली गंभीर गोष्ट. रिकाम्याला भरलेल्याचा रंग देणारा गिऱ्हाइकाला लुबाडतो. पण त्याच्यामुळे रंगावर विसंबण्याची सोयच नष्ट होते. बेल्जियम आणि फ्रान्सच्या शेतांतून आजही दरवर्षी न फुटलेला दारूगोळा निघतो. आपल्याकडे तर क्रमांक ३६ हा निव्वळ संग्रहालयाचा विषय नाही. त्याच्या जागी नागपूरच्या कारखान्यात तयार झालेला नवा हातबॉम्ब भारतीय सैन्याला मिळू लागला तो २०२१ मध्ये. म्हणून भंगारात वा जुन्या वाड्याच्या माळ्यावर अशी वस्तू दिसली, तर तिच्यावरील अक्षरे वाचण्याचा मोह टाळावा, हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. ती निर्धोक केली गेली आहे अशी जाणकारांनी खात्री दिल्यावर मग तिच्या बुडावरचे साल निवांतपणे तपासता येईल.