काचेतले तळे आणि बंगळूरची तळी

मराठीत ‘शेवाळ’ हा शब्द मोठा ऐसपैस आहे. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर धरणारा निसरडा हिरवा थर म्हणजे शेवाळ. आणि तळ्याच्या तळाशी मुळे रोवून पाण्यात डुलणारी लांब पानांची वनस्पती, तीही शेवाळच. शब्द एक असला तरी या दोन वस्तूंमध्ये हाडवैर आहे. पहिली वस्तू म्हणजे मूळ, खोड, पान असा भेद नसलेले, पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही इतके सूक्ष्म असे शैवाल. दुसरी सर्वांगाने वनस्पती. दोघांचे अन्न एकच आणि दोघांना हवा असणारा सूर्यप्रकाशही एकच. साहजिकच एकाची सरशी झाली की दुसऱ्याची पीछेहाट ठरलेली. ही साधी गोष्ट माणूस काचेच्या पेटीत मासे पाळू लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आली. आणि शतकानुशतके तळ्यांवर जगलेल्या बंगळूर शहराला ती फार मोठी किंमत मोजून नव्याने शिकावी लागली.

काचेच्या पेटीची कथा प्रथम पाहावी. वनस्पती दूषित हवा शुद्ध करतात हे अठराव्या शतकात जोसेफ प्रीस्टली याने दाखविले होते, आणि हे काम सूर्यप्रकाशावाचून होत नाही हे १७७९ साली यान इंगेनहाउझ याने सिद्ध केले होते. या ज्ञानाचा पाण्यातील जिवांसाठी उपयोग करून पाहिला तो लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. त्याने एका काचपात्रात वाळू, माती व दगड घालून पाणी भरले, त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन सोनमासे सोडले. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बाम्ल वायू देतील आणि पाणी न बदलताही हा संसार चालेल, अशी त्याची अटकळ होती. आरंभी तो चाललाही. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा चिकट थर चढला. वॉरिंग्टनने तेव्हा पाण्यात तळ्यातल्या काही गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि तो थर फस्त केला; त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. पाणी पुन्हा नितळ झाले. १८५० साली त्याने हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. या छंदाच्या वाट्याला वैभव आले तसा त्याचा जुना शत्रूही आला. ज्याने ज्याने काचपेटीत झाडे लावली, त्याला त्याला शैवालाशी गाठ घालावी लागली.

शैवाल माजते ते कशामुळे? माशांना घातलेले अन्न आणि माशांची विष्ठा पाण्यात कुजते. त्यातून अमोनिया सुटतो. सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट व मग नायट्रेट करतात. अन्नाबरोबर स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हाही येतो. नत्र आणि स्फुरद ही शेतकऱ्याची खतेच होत. वर दिवा दहाबारा तास जळत राहिला आणि पेटीतील झाडे मोजकी किंवा रोगट असली, म्हणजे या खताला दुसरा धनी उरत नाही. ते शैवालाच्या मुखी पडते.

यावर माणसाला पहिला उपाय सुचला तो विषाचा. अमेरिकेच्या कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी १९०४ साली जलाशयातील शैवाल मारण्यासाठी मोरचूद वापरण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. पण मोरचुदाने मेलेले शैवाल तळाशी जाऊन कुजते आणि त्याने खाल्लेले खत पाण्याला परत मिळते. काही आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवे. शिवाय काचपेटीत तांबे पडले, की शैवाल खाऊन उपकार करणाऱ्या गोगलगाई व झिंगे आधी मरतात.

जाणत्या छांदिष्टांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. पेटी मांडल्याच्या पहिल्या दिवसापासून भराभर वाढणाऱ्या वनस्पती दाट लावावयाच्या; दिवा सुमारे आठ तासच ठेवावयाचा; मासे थोडे, अन्न त्याहून थोडे; आठवड्याला काही पाणी बदलावयाचे; आणि वाढलेल्या फांद्या छाटून पेटीबाहेर टाकावयाच्या. जपानच्या ताकाशी अमानो याने १९८० नंतरच्या वर्षांत वनस्पतींच्या पेटीला उद्यानकलेचे रूप दिले, तेव्हा त्याने शैवाल खाणाऱ्या एका लहान झिंग्यालाही कामाला लावले. १९९६ साली पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉन्लिन यांनी असा सिद्धान्त मांडला, की पाण्यातील स्फुरद अगदी तुटपुंजा ठेवला आणि वनस्पतींना बाकीची पोषणद्रव्ये पुरविली, तर वनस्पती शैवालाला उपाशी मारतात. पुढे अनेकांना अनुभव आला, की वनस्पती जोमाने वाढत असतील तर स्फुरद पुरेसा असूनही काच स्वच्छ राहते. स्फुरदाविषयी मतभेद राहिला. पण वनस्पतींचा जोम हीच खरी राखण, यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले.

आता काचेबाहेरच्या तळ्यांकडे वळावयास हरकत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर, एका जलविभाजक कण्यावर वसलेले आहे. या शहराला मोठी नदी नाही. १५३७ साली पहिल्या केंपेगौडाने शहराचा पाया घातला तेव्हा त्याने किल्ल्याइतकीच तळ्यांचीही चिंता वाहिली. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या काळात धर्मांबुधी, केंपांबुधी, हलसूर अशी तळी उभी राहिली. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी माणसाला ओळखीचे वाटावे असे ते बंगळूर या तळ्यांच्याच पाण्यावर जगत होते. ही तळी निसर्गाने दिलेली नव्हेत. उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, भरलेल्या तळ्याचे सांडपाणी कालव्याने खालच्या तळ्यात सोडावयाचे, अशी ती एकाखाली एक गुंफलेली माळ होती. कन्नड भाषेत तळ्याला ‘केरे’ म्हणतात, आणि तूब उघडून शेतांना पाणी वाटून देणाऱ्या माणसाला ‘नीरुगंटी’.

या व्यवस्थेत काचपेटीचे सारे नियम न सांगता पाळले जात होते. तळे उथळ, त्यामुळे उजेड तळापर्यंत पोहोचे आणि मुळे धरणाऱ्या वनस्पती वाढत. पाणी वरून येई आणि खाली जाई, म्हणजे ते बदलत राही. उन्हाळ्यात पाणी आटले, की शेतकरी गाळ उपसून शेतात नेत; वर्षभर साचलेले खत तळ्याबाहेर पडे. कोळी मासे धरत. तेही एका अर्थी खत बाहेर काढणेच होते. हे सारे लोक शैवालाचा विचार करून वागत नव्हते. त्यांना गाळ हवा होता, मासे हवे होते, पीक हवे होते. समतोल हे त्यांच्या पोटापाण्याच्या उद्योगाचे आपोआप आलेले फळ होते. म्हणूनच तो उद्योग थांबताच समतोलही गेला.

तो थांबला नळामुळे. १८९४ मध्ये अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टा जलाशयाची योजना हाती घेण्यात आली आणि नळाचे पाणी शहरात आले. १९३३ साली त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. १९७४ मध्ये सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि पाचशे मीटर उंची चढवून कावेरीचे पाणी आणण्यात आले. नळ ही मोठीच सोय होती, तिला दोष देणे वेडेपणाचे ठरेल. पण घरात नळ आला तेव्हा तळे कोणाचेच उरले नाही. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण. १९०१ साली शहर व छावणी मिळून सुमारे १ लाख ५९ हजार वस्ती होती. २०११ च्या जनगणनेत महानगराची वस्ती सुमारे ८४ लाख भरली. या सर्वांना नळाने दिलेले पाणी मैला आणि साबण घेऊन उताराला लागले. उताराला जुनी तळीच होती. पूर्वी जे कालवे पावसाचे पाणी तळ्यात नेत, तेच आता गटारे झाले.

या इतिहासातील एक गोष्ट मनाला लागून राहते. मैलापाण्यात हवा खेळवून जंतूंकरवी ते शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी जाहीर केली. त्यांना या वाटेवर आणणारा गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आला. मैल्यातील नत्र ही संपत्ती आहे, ती वाया न घालवता जमिनीला परत द्यावी, हा त्याचा ध्यास होता. म्हणजे हे ज्ञान बंगळूरच्या दाराशी तेव्हाच पोहोचले होते. शहराच्या गटारांपर्यंत ते वेळेवर पोहोचले नाही.

खत तळ्यात गेल्यावर काय होते याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा १९७३ साली कॅनडाने दिला. तेथे डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्ये चिंचोळे असलेले एक सरोवर पडदा लावून दुभागले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा नितळ राहिला. पुढे १९९३ मध्ये हॉलंडच्या मार्टेन शेफर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उथळ तळ्यांविषयी मांडले, की अशी तळी दोनच अवस्थांत सुखाने राहतात: वनस्पती असलेली नितळ अवस्था, किंवा शैवाल असलेली गढूळ अवस्था. तळे एकदा गढूळ झाले, की उजेड तळापर्यंत जात नाही, मुळे धरणारी झाडे मरतात आणि गढूळपणाच पक्का होतो. मग खत थोडे कमी करून भागत नाही. पुष्कळच कमी करावे लागते.

बंगळूरच्या तळ्यांची गत तीच झाली. शैवाल दिवसा प्राणवायू सोडते, परंतु रात्री तेही श्वास घेते; मैल्यातील जंतूही अखंड प्राणवायू खातात. पहाटेपर्यंत पाण्यातील प्राणवायू संपतो. मार्च २०१६ मध्ये हलसूर तळ्यात हजारो मासे मरून वर आले, ते प्राणवायू संपल्यामुळे. शहरातील सर्वांत मोठे तळे बेळ्ळंदूर. त्यात मैल्याबरोबर साबणाची द्रव्ये गेली. पांढरा फेस उसळून रस्त्यावर येऊ लागला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये या तळ्यावर आगी लागल्या. पाण्याला आग लागली, हे ऐकून देश चकित झाला.

याच शहरात १९८३ साली कब्बन उद्यानात सरकारी मत्स्यालय उघडले होते. काचेमागचे पाणी नितळ ठेवण्यासाठी काय करावे लागते हे शहराला ठाऊक होते. काचेबाहेरच्या पाण्याला तोच न्याय लावण्याचे मात्र राहून गेले होते.

तो लावून पाहिला गेला उत्तरेकडील जक्कूर तळ्यावर. तेथे दररोज सुमारे एक कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र उभारण्यात आले. पण ते पाणी थेट तळ्यात न सोडता आधी एका दलदलीतून नेण्यात आले. तेथे पाणकणीस आणि इतर वनस्पती दाट वाढतात. यंत्राने मळ काढला तरी नत्र व स्फुरद बरेच उरतात; ते या वनस्पती शोषून घेतात आणि मगच पाणी तळ्यात उतरते. दलदल ओलांडताना पाण्यातील ही द्रव्ये घटतात, असे भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना आढळले. तळ्यात मासेमारी चालते, पक्षी येतात. वॉरिंग्टनच्या काचपात्रात जे घडले तेच येथे कितीतरी पटींनी मोठ्या प्रमाणावर घडते.

मात्र यात एक अट आहे, आणि काचपेटीतही तीच असते. वाढलेली वनस्पती कापून बाहेर काढलीच पाहिजे. कापणी रेंगाळली, की तीच वनस्पती कुजून घेतलेले सारे खत पाण्याला परत करते आणि उघड्या पाण्यावर जलपर्णी पसरते. यंत्र एकदा उभारता येते, उद्घाटन एकदा करता येते. कापणी दरवर्षी करावी लागते. जुन्या काळी गाळ उपसणाऱ्या शेतकऱ्याला हे काम कोणी शिकविले नव्हते, कारण त्या गाळात त्याचे पीक होते. आजच्या शहराला तळ्यातील गाळाशी आणि पाणकणसाशी आपले असेच काही नाते पुन्हा जोडावे लागेल. शैवाल हा तळ्याचा शत्रू नसून तळ्याने लिहिलेला जमाखर्च आहे. आत किती आले आणि बाहेर किती गेले, एवढेच तो हिरव्या अक्षरांत सांगत असतो.