हखामनी साम्राज्य
इराणच्या नैर्ऋत्येस पार्स (आजचा फार्स) प्रांतात उदयास आलेले प्राचीन साम्राज्य (इ. स. पू. सु. ५५०–३३०). अ‍ॅकिमेनिड या ग्रीक वळणाच्या नावानेही ते परिचित आहे.

दुसरा सायरस (कुरुश) हा संस्थापक. मीडियाचा राजा अस्तायजीझ त्याच्यावर चालून गेला. पण अस्तायजीझचेच सैन्य फितूर झाले आणि एकबॅटना ही राजधानी सायरसच्या हाती पडली. पाठोपाठ लिडिया व इ. स. पू. ५३९ मध्ये बॅबिलन जिंकले गेले. बॅबिलनच्या मृत्तिकालेखात मार्दुक या तिथल्याच देवाने आपली निवड केल्याचे सायरस सांगतो. या लेखाला मानवी हक्कांची पहिली सनद म्हणणे ही अतिशयोक्तीच. नव्या राजाने अशा घोषणा करणे ही मेसोपोटेमियातील जुनी रीत होती. मात्र जितांचे देव व रूढी शक्यतो न मोडता कर वसूल करण्याचे धोरण खरे होते. सायरसचा मुलगा कॅम्बायसिस याने ५२५ मध्ये ईजिप्त जिंकला.

पहिला डरायस (कार. ५२२–४८६) बंडाळीतून गादीवर आला. ती हकिकत, अर्थात त्याच्या बाजूने, बिसुतूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरलेली आहे. सत्रपांच्या (प्रांताधिपतींच्या) हाताखालील प्रांत, दारिक हे सोन्याचे नाणे, कारभारासाठी आरामाइक भाषा आणि सुसा–सार्डिस राजमार्ग यांवर त्याच्या राज्याची घडी बसली. गंधार व हिंदुश (सिंधूखोरे) हे प्रांतही त्यात होते.

पर्सेपोलिस या राजधानीतील अपादान या दरबारगृहाच्या जिन्यांवरील शिल्पांत लढाया नाहीत, मुंडक्यांच्या राशी नाहीत. नजराणे घेऊन चाललेले लोक आहेत. त्यांत कमरेला वस्त्र गुंडाळलेला, खांद्यावर कावड घेतलेला अनवाणी भारतीयही दिसतो. ग्रीक लेखकांनी रंगविलेल्या ऐषारामी दरबारापेक्षा खरे राज्य कळते ते तेथे १९३३–३४ मध्ये सापडलेल्या मातीच्या हजारो पाट्यांवरून. बहुतेक एलामी भाषेतील या नोंदींत मजूर, प्रवासी, पुरोहित यांना दिलेल्या धान्याचा व मद्याचा हिशेब आहे. बाळंतिणीला जादा शिधा मिळे; मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट. अहुर मज्दा या देवाचे नाव राजलेखांत सतत येते, पण या पाट्यांत एलामी देवतांनाही सरकारी शिधा जातो.

इ. स. पू. ३३० मध्ये साम्राज्य जिंकणाऱ्या अलेक्झांडरच्या मुक्कामात पर्सेपोलिस जळाले. सत्रपींची चौकट मात्र त्याने ठेवली. गॉगामेलाच्या लढाईत विरुद्ध बाजूने लढलेल्या माझेयसलाच त्याने बॅबिलनचा सत्रप नेमले होते.